चिठ्ठी नसलेली माळ

कार्तिकासाठी वाती वळत बसले होते. वळलेल्या वाती ताटात आणि निम्मा कापूस अजून मांडीवरच, तेवढ्यात एकनाथभाऊजी दारात येऊन उभे राहिले. कारखाना सुटायला पुष्कळ अवकाश होता. चपला पायातच, सदऱ्याच्या बाहीवर रक्त. मी उठायला लागले तर हातानंच बसा म्हणाले. मग म्हणाले, “सायन्नाचा डोळा गेला, वहिनी. चिठ्ठी नव्हती माळेला.”

दुसऱ्या कुणाला ते बोलणं कळलं नसतं. मला कळतं, कारण इतकी वर्षं मी ते ऐकते आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही दुष्काळाच्या साली टेंभुर्णीकडून सोलापुरात आलो, पण ते त्याच्या आधीपासून इथं, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. उंच, गोरेपान, हसरे. त्यांचं लग्न ठरत आलं होतं. त्याच सुमारास एके दिवशी मागातून धोटा उडाला आणि त्यांच्या जबड्यावर बसला. धोटा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. माग जोरात चालू असताना तो सुटला की गोफणीच्या दगडासारखा जातो. जबडा सांधला, पण वाकडा. पुढचे दात गेले. बोलणं तोंडात घोळल्यासारखं यायला लागलं. मुलीकडच्यांनी नाही म्हणून कळवलंसुद्धा नाही, नुसते यायचे थांबले. कारखान्यातली पोरं मागून नक्कल करायची. हळूहळू भाऊजींनी बोलणंच टाकलं. घरातसुद्धा भाकरी हवी असली तर टोपल्याकडे बघायचे.

मालकांनी त्यांना मागावरून काढून माळा तपासायला बसवलं. आपल्या चादरीवरची नक्षी मागाला कळते ती पुठ्ठ्यांवरून. पुठ्ठ्याला भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. असे पुठ्ठे एकामागून एक ओवून लांब माळ करायची आणि मागाच्या डोक्यावर चढवायची. माळ सांगेल तसं माग करतो, बरं की वाईट ते त्याला कळत नाही. पुष्कळशा चुकांनी नुसती नक्षी बिघडते, मोराचं पीस तुटतं, एवढंच. पण एका जागी लागोपाठ बऱ्याच पुठ्ठ्यांना भोकच नसेल, तर तिथले दोरे विणलेच जात नाहीत. ते सैल पडतात, लोंबायला लागतात आणि धोट्याच्या वाटेत येतात. मग धोटा उडतो. भाऊजींचा जबडा असाच गेला होता. म्हणून मागावर चढण्याआधी प्रत्येक माळ ते खिडकीशी उजेडात धरून बघायचे. कुणाचं तोंड पुन्हा असं होऊ नये एवढंच त्यांच्या मनात असायचं. मला त्यांनी ते एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

माळ चांगली असली की ती जाऊ द्यायची. वाईट असली की वरच्या पुठ्ठ्यावर खडूनं मोठी फुली, आणि माळ शेजारच्या पेटीत कुलपात. संपलं. कुठं चुकलं, काय चुकलं, एक अक्षर नाही.

पुठ्ठ्यांना भोकं पाडणारा गंगाधर एका संध्याकाळी फुली मारलेली माळ खांद्यावर टाकून थेट आमच्या घरी आला. कशीबशी मागून आणली होती म्हणे. तापला होता. एकाच माळेवर ही तिसरी फुली होती, आणि दर वेळी ती पेटीतून मागून नेऊन त्यानं अंदाजानं कुठंतरी काहीतरी बदललं होतं.

“एकनाथराव, फुली मारली म्हंजे झालं व्हय? चूक कुटं हाय ते तरी दावा की. का माज्याशी वैर हाय तुमचं?”

भाऊजी खाली बघत होते. तसेच म्हणाले, “जीव जाईल.”

“कुणाचा? कशानं? माळेत शेकड्यानं पुठ्ठे हायती. कुटल्यानं जीव जाईल?”

मी चहा ठेवला. मला वाटलं, आता भांडण होणार. पण भाऊजींनी माळ ओढून घेतली, एका पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि बोलायला लागले. गंगाधरला काही उमगेना, तो माझ्याकडे बघायला लागला. मग ते काय म्हणतात ते मी सांगू लागले, आणि शेवटी माझ्या रोजच्या वहीतलं पान फाडून लिहूनच दिलं. आधी भाऊजींनी जेवढ्या चुका दिसल्या तेवढ्या सगळ्या सांगितल्या. गंगाधर म्हणाला, एवढं पुराण कशाला, यातलं मूळ कुठलं? ते खरंच होतं. पहिली चूक दुरुस्त केली की पुढच्या निम्म्या आपोआप जात होत्या. मग भाऊजींनी त्या चुकीच्या दोन्ही टोकांना दोरा बांधला आणि मी पहिली चिठ्ठी लिहिली. अजून पाठ आहे: ‘दोरा बांधलेल्या पुठ्ठ्यापासून दुसऱ्या दोऱ्यापर्यंत डाव्या काठाला भोक नाही. तिथले दोरे सैल पडून वाटेत येतील. धोटा उडेल.’

गंगाधरनं ती दोनदा वाचली. त्याचा राग कुठल्या कुठं गेला. म्हणाला, “हे आदीच सांगितलं असतं तर मी कशाला बोंबलत आलो असतो?” भाऊजी हसले. त्या वाकड्या तोंडानं ते हसले की त्यांच्याकडे बघवत नसे, पण त्या दिवशी मला बघवलं.

पुढं तीच रीत पडली. संध्याकाळी भाऊजी सांगायचे, मी लिहायची. सकाळी ते चिठ्ठी माळेला बांधायचे, चूक सुरू होते तिथं एक दोरा आणि संपते तिथं दुसरा. नक्षीची चूक असेल तर ‘चादर बिघडेल’, धोक्याची असेल तर ‘धोटा उडेल’. ही दोन वाक्यं वेगळीच ठेवायची असा त्यांचा हट्ट. सगळ्यालाच जीव जाईल म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणायचे. कारखान्यात लोक चिठ्ठीला माळेची पत्रिका म्हणू लागले. मंगळ किती कडक आहे म्हणून विचारायचे. भाऊजींना ते आवडायचं. लोकांशी चार शब्द बोलायलाही लागले होते. मी सिद्धेश्वराला नारळ फोडून आले.

माळा आता परत जाऊन पटकन दुरुस्त व्हायला लागल्या, तेव्हा मालक म्हणाले, पेटी कशाला अडवून ठेवता? चिठ्ठी असते ना? पेटी गोदामात गेली. वाईट माळासुद्धा गंगाधरच्या खुंटीवर लटकायला लागल्या. चिठ्ठी बघून कुणी त्यांना हात लावायचं नाही, एवढंच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखाना धुऊन पुसून लख्ख करतात, हे मी सांगायला नको. कांड्यांची जळमटं, तेलाची पुटं, जुने दोरे, सगळं काढायचं, मागांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आम्हीही घरी सुरी, विळी, शिवणाचं यंत्र पूजलं. देवापुढं मांडायची वस्तू स्वच्छ हवी, हे मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि त्यात काही वाईट आहे असं आजही मला म्हणवत नाही. पण त्या साफसफाईत कुणीतरी खुंटीवरच्या माळा उतरवल्या, चिठ्ठ्या आणि दोरे काढून टाकले, पुठ्ठे फडक्यानं पुसले आणि चांगल्या माळांबरोबर एकाच बांबूवर ओळीनं टांगल्या. प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. भाऊजी त्या दिवशी घरीच होते, त्यांना ताप होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. माग लावून देणाऱ्या ज्ञानू जॉबरनं बांबूवरची एक माळ सायन्नाच्या मागावर चढवली. चिठ्ठी नव्हती, म्हणजे चांगली. भाऊजी कामावर पोचून आपल्या खिडकीशी बसले आणि पलीकडून धोटा उडाल्याचा आवाज आला. तो आवाज त्यांना लगेच ओळखू आला, म्हणाले.

मांडीवरचा कापूस मी तसाच गोळा करून डब्यात ठेवला. त्या दिवशी वाती झाल्या नाहीत.

चार दिवस भाऊजी जेवले ते न जेवल्यासारखेच. कारखान्यात ठरवून टाकलं होतं की सायन्नाचं लक्ष नव्हतं. दसऱ्याची उतरली नसेल, असंही कुणी म्हणालं. सायन्ना मार्कंडेयाच्या देवळात भजनाला बसणारा माणूस, तो कधी दारूला शिवला नाही. मालकांच्या कचेरीत ‘विणकराचा निष्काळजीपणा’ असं लिहून झालं होतं. गंगाधर येऊन ओसरीवर रडून गेला. भाऊजींनी त्याला पाणी दिलं.

मग कमलम्मा आली. सायन्नाची बायको, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. डबा द्यायला दवाखान्यात निघाली होती, वाटेत टेकली. म्हणाली, “अक्का, डोळ्याचं मी सोडलं. पण ते रात्रंदिवस एकच विचारतात, माझं काय चुकलं? पाय उशिरा पडला का? हात चुकला का? कुणी सांगत नाही. म्हणतात, देवाची मर्जी.”

आतल्या खोलीत भाऊजी होते. भिंत पातळ, सगळं ऐकू गेलं असणार. ती गेल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, “लिहा.” मी वही घेतली. ते सांगायला लागले आणि मध्येच थांबले. सायन्नाचे दोन्ही डोळे बांधलेले, आणि एरवीही तो वाचतो ते तेलुगू. ही चिठ्ठी कुणाच्या हातात देणार? मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. खाटेशी कमलम्मा होती. भाऊजी उभेच राहिले, आणि एवढ्या परक्या लोकांत, शेजारच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघत असताना, त्या घोळणाऱ्या तोंडानं त्यांनी सगळं सांगितलं. कुठली माळ, कुठल्या काठाला भोक नव्हतं, दोरे कसे सैल पडले, चिठ्ठी होती आणि ती कशी गेली. शब्द अडला की थांबून पुन्हा म्हणत होते. कमलम्मा तेलुगूत सांगत होती. मला एकदाही मध्ये बोलावं लागलं नाही.

सायन्नानं मान भाऊजींच्या आवाजाच्या दिशेनं वळवली. मग म्हणाला, “म्हंजे मी चुकलो न्हाई.”

“नाही,” भाऊजी म्हणाले. “माग तुम्ही बरोबर चालवला. चिठ्ठी नाही म्हणजे चांगली, असं लोक समजतील हे मला कळायला हवं होतं.”

सायन्नानं हात पुढं केला, भाऊजींनी तो धरला. डावा डोळा परत येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं.

तिथून भाऊजी एकटेच मालकांकडे गेले. आता चांगल्या माळेलाच ते स्वतः पांढरी गाठ मारतात. गाठ नसेल तर माळ मागावर चढत नाही, मग चिठ्ठी असो वा नसो. चिठ्ठ्या चालू आहेत, संध्याकाळी मी लिहिते. एवढं मालकांनी मान्य केलं. कचेरीत लिहिलेलं मात्र बदललं नाही. लिहिलं ते लिहिलं, म्हणाले. पत्रिकेची थट्टा आता कुणी करत नाही, आणि भाऊजीही भाकरी न मागता पुन्हा नुसते टोपल्याकडे बघायला लागले आहेत.

आज संध्याकाळी उरलेल्या वाती वळून टाकल्या. सायन्नाला परवा घरी सोडणार आहेत, उजेड सोसणार नाही म्हणून सांगितलंय. उद्या सकाळी देवपूजा झाली की नवी पेठेत जाऊन त्याच्यासाठी काळा चष्मा आणायचा आहे.