पाठीवरची थाप

सीटवाल्या ताई या नावाला दोन अर्थ होते. एक म्हणजे त्या सीटची कव्हरं शिवत. दुसरा म्हणजे लोकांनी त्यांना कायम मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पाहिलं होतं. दोन्ही अर्थ खरे होते आणि ताईंना दोन्हींत कमीपणा वाटत नसे.

त्यांचं शिवणघर विमानतळाच्या मागच्या रस्त्यावर होतं. दोन जड मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. स्वस्त तिकिटं विकणाऱ्या एका विमान कंपनीची सगळी कव्हरं इथे शिवली जात. त्या कंपनीच्या सीट मागे कलत नसत. तरी दरवर्षी कंपनीचा माणूस येई आणि आणखी काहीतरी कमी करून जाई. आधी मासिकाचा खिसा गेला. मग डोक्यामागचं फडकं गेलं. मग गादी पातळ झाली. वजन कमी तर इंधन कमी, इंधन कमी तर तिकीट स्वस्त, असं तो दरवेळी समजावून सांगे. एकदा ताई त्याला म्हणाल्या, पुढच्या वर्षी माणसंच कमी करा, किती स्वस्त पडतं बघा. तो हसला नाही. त्याने ते मनावर घेतलं असावं, असं ताई पुढे कितीतरी दिवस सांगत.

त्यांचा नवरा त्याच कंपनीत तंत्रज्ञ होता. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. विमान आलं की माणसं उतरत, माणसं चढत, आणि तेवढ्या वेळात मिस्त्री चाकं, ब्रेक, तेल बघून घेत. विमान गेलं की दुसरं येई. नवरा बोल्ट ओळखी, बायको टाके ओळखी, पण त्या विमानात दोघं एकदाच बसले. सीट रिकामी असेल तर नोकरांना प्रवास फुकट, असा नियम होता, आणि त्या कंपनीत सीट रिकामी राहतच नसे. एकदा राहिली. सगळा वेळ मिस्त्री डोळे मिटून इंजिन ऐकत होते. ताई समोरच्या सीटची शिलाई बघत होत्या. ती त्यांच्याच हातची होती आणि कोपऱ्यात एक धागा सुटला होता. खाली नुसते ढग. उतरल्यावर मिस्त्री म्हणाले, हा काही प्रवास नव्हे, हे नुसतं पोचणं. परत येताना सीट मिळाली नाही. दोघं बसने आले आणि रस्ताभर खूश होते.

त्यांचा खरा प्रवास मोटारसायकलवर चाले. मोठी, जुनी गाडी. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, कंबरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखे. रजा मिळाली की दोघं निघत. घाट, वाळवंट, समुद्राकाठचे रस्ते. वीसेक वर्षं हेच. मिस्त्री पुढे, ताई मागे.

मागे बसणं हे काम आहे, हे फार कमी लोकांना कळतं. वळण आलं की गाडीबरोबर झुकायचं, पण स्वतःहून नाही. ब्रेक लागला तर पुढच्याच्या पाठीवर आदळायचं नाही. पाय खुंट्यांवर ठेवायचे आणि गप्प ठेवायचे. ताईंच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मागे कुणी बसलंय हे घाटात आपण विसरून जातो, असं मिस्त्री कौतुकाने सांगत. ताई म्हणत, ते घाटाबाहेरही विसरतात.

वाऱ्यात बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून दोघांनी थापा ठरवल्या होत्या. पाठीवर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा. दोन थापांना मिस्त्री कधी ना कधी थांबत. एका थापेला मात्र गाडी तसूभरही हळू होत नसे. उतरल्यावर ताईंनी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"जॅकेट जाड आहे गं. लागतच नाही."

मिस्त्रींचं चामड्याचं जॅकेट खरंच जाड होतं. एका पावसाळ्यात ताईंनी ते उसवलं, पाठीच्या आतला गादीचा थर काढून टाकला आणि अस्तर पुन्हा असं शिवलं की कुणाला पत्ता लागू नये. मिस्त्रींना तो लागला नाही. आणि पुढच्या घाटात थापही लागली नाही. मिस्त्रींची बहीण, म्हणजे ताईंची नणंद, हे ऐकून पोट धरून हसली. म्हणाली, वहिनी, तुझी थाप पाठीवरची आणि दादाची थाप तोंडातली, दोघांची गाठ कशी पडणार.

ताईंनी विषय सोडून दिला. थाप मात्र मारत राहिल्या.

मग एका चहाच्या टपरीसमोर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकने उभी मोटारसायकल दाबली. दोघं आत चहा पीत होते, म्हणून वाचले. गाडीचा सांगाडा वाकला. पुढचं चाक आणि मागचं चाक एकमेकांकडे बघेनात. टेम्पोतून घरी आणून अंगणात आडवी ठेवली. मिस्त्रींनी सहज बटण दाबलं, तर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. नणंद म्हणाली, कंबर मोडली तरी तोंड चालूच, अगदी आपल्या आत्यासारखं.

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. ते इंजिनाकडे बघत राहिले.

शहराबाहेर उड्डाण शिकवणारा एक छोटा क्लब होता. तिथले शिक्षक त्याच विमान कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अर्धवट विमान कित्येक वर्षं धूळ खात होतं. हलकं, दोन सीटचं, एक पुढे आणि एक मागे. ज्याने ते बांधायला घेतलं त्याचा उत्साह इंजिनापाशी येऊन संपला होता. मिस्त्रींनी ते मागितलं. कॅप्टनांनी देऊन टाकलं, वर शेड रिकामी होतेय म्हणून आभारही मानले.

मोटारसायकलचं इंजिन विमानात बसवणं वेडेपणाचं वाटतं, पण तसं करणारे लोक जगात आहेत. मोठी अडचण एकच. मोटारसायकलचं इंजिन फार जोरात फिरतं. पंखा तितक्या जोरात फिरवला तर तो नुसता किंचाळतो, हवा धरत नाही. म्हणून मध्ये लहान चाक, मोठं चाक आणि पट्टा घालायचा, म्हणजे इंजिन धावतं आणि पंखा चालतो. मिस्त्री हे कागदावर काढून समजावत होते. ताईंनी आपल्या शिवणयंत्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, कळलं, पुढे सांगा.

पंखांवर कापड चढवायचं काम ताईंनी केलं. कामावरून आल्यावर, सुट्टीच्या दिवशी, शेडमध्ये पंख आडवा ठेवून. लाकडाच्या प्रत्येक बरगडीला कापड दोऱ्याने बांधून घ्यायचं, लांब वाकड्या सुईने, प्रत्येक टाक्याला गाठ. एक टाका सैल पडला की ताई मागचे दहा उसवत. कॅप्टन एकदा म्हणाले, वहिनी, एवढं कोण बघणार आहे. ताई म्हणाल्या, वारा बघतो.

या काळात दोघंही क्लबच्या विमानावर उडायला शिकले. मिस्त्रींना आधी हसू आलं. तू कशाला, तू मागे बसणार. ताई म्हणाल्या, मागे बसणाऱ्यालाही कळायला हवं आपल्याला कुठे नेऊन आपटणार आहेत. मिस्त्री भराभर शिकले. ताई हळूहळू शिकल्या, पण एकदा शिकलेलं विसरल्या नाहीत. दोघांनाही परवाने मिळाले.

विमान तयार झालं. तपासणी झाली. मिस्त्री पुढच्या सीटवर बसले. उडण्याआधी धावपट्टीवर नुसतं पळवून बघायचं होतं. पळालं झकास. वेग कमी करायची वेळ आली आणि विमान गर्रकन उजवीकडे वळून गवतात घुसलं.

दुसऱ्यांदाही तेच. उजवीकडे, गवतात. मिस्त्रींनी चाकं तपासली, तारा तपासल्या, सगळं सरळ होतं. तिसऱ्यांदा पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि ताईंनी शिवलेलं कापड हातभर फाटलं.

कॅप्टनांनी कारण ओळखलं. विमानात पायाखाली दोन पट्ट्या असतात. उजवी दाबली की नाक उजवीकडे वळतं. मोटारसायकलवर उजव्या पायाखाली ब्रेक असतो. क्लबच्या विमानात मिस्त्री कधी चुकले नव्हते. पण इथे कानात त्यांच्याच मोटारसायकलचा आवाज होता. आवाज ऐकला की पायाला वाटे आपण गाडीवर आहोत, आणि थांबायचं म्हटलं की उजवा पाय आपोआप खाली जाई. सगळी हयात गाडी चालवलेला पाय. तो मालकाचं ऐकेना.

कॅप्टन म्हणाले, मिस्त्री, हे इंजिन असेपर्यंत तुम्ही पुढे बसायचं नाही.

मिस्त्री नुसते घरी येत, जेवत, झोपत. आठवड्याने म्हणाले, इंजिन देऊन टाकतो. एका माणसाकडे तशीच जुनी मोटारसायकल होती, इंजिन गेलेली. तो कधीपासून मागत होता. थंडी संपली की येऊन घेऊन जा, असा निरोप मिस्त्रींनी त्याला धाडला. निदान रस्त्यावर तरी चालेल, म्हणाले. ताईंनी सुई काढली आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन पंखाचं फाटलेलं टोक शिवायला घेतलं.

कॅप्टन तिथे चहाचा कप घेऊन आले. बराच वेळ ताईंचे हात बघत उभे राहिले. मग विचारलं.

"वहिनी, या इंजिनाचा आवाज ऐकला की तुमचे पाय काय करतात?"

ताईंनी दोरा दाताने तोडला. "काही नाही. वीस वर्षं गप्पच बसलेत."

कॅप्टनांनी कप खाली ठेवला.

ताई घरी आल्या त्या धास्ती घेऊनच. उडण्याची नव्हे, घरी सांगण्याची. ती गाडी मिस्त्रींची. ते इंजिन मिस्त्रींचं. विमानाचा नाद मिस्त्रींचा. आपण पुढे बसलो आणि जमलं नाही तर इंजिन जाईल. जमलं तर माणूस आतून मोडेल, ही भीती जास्त होती. त्यांनी चार शब्दांत सांगितलं, पुढे मी बसून बघते. मिस्त्री पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मग पुन्हा मागे उलटलं.

ठरलेल्या सकाळी मात्र ते ताईंच्या आधी तयार होते. शेडमध्ये त्यांनी तेल बघितलं, पट्टा बघितला, पुन्हा तेल बघितलं. मग अंगातलं चामड्याचं जॅकेट काढून ताईंच्या हातात दिलं.

"घाल. वर गार असतं."

एवढंच. ताईंनी बाह्या दोनदा दुमडल्या.

आधी धावपट्टीवर पळवणं. वेग कमी करायची वेळ आली. मिस्त्री काठावर उभे होते आणि त्यांचा उजवा पाय गवतात खाली दाबला गेला, हे कॅप्टनांनी पाहिलं. विमान सरळ आलं. धावपट्टीच्या मधोमध थांबलं. पुन्हा तसंच, पुन्हा मधोमध. मग कॅप्टनांनी हात वर केला.

ताई एकट्या उडाल्या. इंजिनाचा तोच आवाज, पायांत तीच थरथर. बाकी काही ओळखीचं नव्हतं आणि काय ओळखीचं नाही ते त्यांना जरा उशिरा कळलं. समोर पाठ नव्हती. इतकी वर्षं त्यांनी जग पाहिलं ते एका पाठीच्या डावीकडून किंवा उजवीकडून. आता ते सगळं एकदम समोर होतं. खालचा रस्ता दिसत होता, कालवा दिसत होता, शेड पेटीसारखी दिसत होती आणि तिच्याजवळ एक ठिपका. तो ठिपका हलत नव्हता. ताईंनी एक फेरी मारली आणि विमान उतरवलं. चाकं टेकली, पाय गप्प राहिले.

मिस्त्री धावत आले. इंजिनापाशी गेले, सिलिंडरला हाताचा मागचा भाग लावून बघितला, दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. मग म्हणाले, त्या माणसाला फोन करायला हवा, दुसरं इंजिन शोध म्हणावं. हे बोलताना त्यांनी तोंड इंजिनाकडेच ठेवलं होतं.

काही उड्डाणांनंतर कॅप्टनांनी दोघांना परवानगी दिली. मिस्त्री मागे बसले. गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. पाय खुंट्या शोधत होते. मागे इतकी अडचण असते हे कधी बोलली नाहीस, म्हणाले. ताई सीटचा पट्टा आवळत होत्या. कानात घालून बोलायची यंत्रणा मिस्त्रींनी बसवलीच नव्हती, वजन वाढतं म्हणून. कंपनीचा गुण अंगाला लागला होता.

त्या दिवशी ताईंनी विमान घाटाच्या बाजूला नेलं. त्यांच्या जुन्या रस्त्याची वळणं खाली दिसत होती, कात्रीने कापलेल्या कापडाच्या काठासारखी. नीट दिसावं म्हणून ताईंनी विमान कलतं केलं. जरा जास्तच.

पाठीवर थाप पडली. एक.

ताईंना ती स्वच्छ लागली. पाची बोटं लागली. जॅकेटचा थर त्यांनीच काढला होता. पण तो असता तरी ही लागली असती, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. वीस वर्षांतली प्रत्येक थाप मिस्त्रींना लागली होती.

त्यांनी विमान आहे तसंच ठेवलं आणि वळण पुरं केलं.

उतरल्यावर मिस्त्री बराच वेळ मागच्या सीटमधून बाहेर निघण्याच्या खटपटीत होते. शेवटी जमिनीवर आले, केस नीट केले आणि विचारलं, मघाशी थाप मारली ती कळली नाही का.

ताई जॅकेट उतरवत होत्या. ते त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिलं.

"जाड आहे हो. लागतच नाही."

मिस्त्रींनी जॅकेट उलटं केलं आणि पाठीच्या आतल्या अस्तरावरून बोटं फिरवली. एका जागी बोटं थांबली. तिथली शिलाई जॅकेटच्या कारखान्यातली नव्हती. ती कुणाच्या हातची आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही.