स्वस्तिकामागची नवरी

भाचीचं लग्न डोंबिवलीत होतं. फोटोग्राफर ठरवलेला होताच, पण तो बाजूला उभा राहून दोघांना घेणार. तिला मात्र अंतरपाट खाली येतानाचा स्वतःचा चेहरा समोरून हवा होता. "मावशी, तो एक फोटो तू काढायचा. बाकी दिवसभर खा, पी, मिरव."

समोरून म्हणजे नवऱ्याच्या खांद्यामागून. यातली अडचण मला माहीत होती, कारण आधी ठाण्यातल्या एका लग्नात मी हेच करायला गेले होते. अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक असतं. पांढऱ्या कापडावर तेवढंच ठळक, त्यामुळे कॅमेऱ्याचा ऑटोफोकस त्यालाच धरून बसतो. कापड खाली गेलं की लेन्स घरघरत पुढे-मागे नवरी शोधते, मध्येच उडत्या अक्षता पकडते, आणि नवरी सापडेपर्यंत हार गळ्यात पडलेले असतात. त्या लग्नातलं स्वस्तिक आणि तांदूळ सुरेख आले होते.

या वेळी मुहूर्ताच्या आधीच मी स्टेजवर गेले आणि माझ्या भावाला, म्हणजे नवरीच्या मामाला, तिच्या पाटावर उभं केलं.

"अगं, मला कशाला परत बोहल्यावर चढवतेस?"

"मिशी हलवू नकोस."

खालून वहिनी ओरडली, "लावा लग्न! पण या वेळी मी हो म्हणणार नाही हां!"

मिशीचा केस न् केस स्वच्छ दिसेपर्यंत लेन्सवरची रिंग हाताने फिरवली. ऑटोफोकस बंद केला. रिंग सरकू नये म्हणून आहेराच्या टेबलावरची चिकटपट्टी तिच्यावर लावून टाकली. आता पाट हलायचा नाही आणि मी हलायचं नाही, बस्स.

मंगलाष्टकं सुरू झाली तसे मुलाकडचे एक काका मागून ढोसायला लागले. "ताई, जरा सरका की."

"नाही सरकणार. सरकले तर नवरी धूसर येईल."

"आम्हाला तर आत्ताच दिसत नाहीये!"

"जेवताना दाखवते."

शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट निघाला, आणि मी बटण दाबून धरलं.

फोटो झकास आला. अक्षतांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा, नवऱ्याचा कान म्हणजे एक गुलाबी ढग, आणि मधोमध मुंडावळ्यांतला भाचीचा चेहरा, पापण्यांसकट लख्ख. फक्त ती नवऱ्याकडे बघत नव्हती. भुवया उंचावून थेट माझ्याकडे बघत होती: आला का?

कल्याणला त्यांच्या घरी तो मोठा करून लावलाय. जावई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, "बघा, पहिली नजर मावशींवर!"

"तुला काय, रोजच बघायचंय आता," भाची त्याला ऐकवते. परवा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "मावशी, जरासा धूसर आला असता ना, तर कुणाला कळलंही नसतं."