राजपुत्राची माय

मी लेखक नाही. ज्याचं नावही विचारलं नाही, त्याच्याविषयी लिहायचा मला अधिकार आहे का, तेही कळत नाही. चुकलं तर माफ करा.

अमरावतीत एका रविवारी कॉलेजचा मित्र मला त्याच्या ओळखीच्या एका माणसाच्या खोलीवर घेऊन गेला. तिथे तो माणूस पोरांना सतरंजीवर बसवून एक खेळ खेळवायचा. प्रत्येकाने एक पात्र तयार करायचं, गोष्ट तो सांगणार आणि पुढचं फासे ठरवणार. बोलताना तो फासे दोन्ही तळहातांत पाखरासारखे धरून ठेवायचा.

मी घाबरत राजपुत्र केला.

"याची माय काय करते?" त्याने विचारलं. हा त्याचा स्वतःचा नियम होता. आपल्या खऱ्या मायचं काम सांगायचं, त्यातूनच पात्राला शक्ती मिळते.

बाकीच्यांच्या आया डॉक्टर, शिक्षिका. मी कसंबसं म्हणालो, "लोकायच्या वावरात निंदाले जाते."

एक जण फिसकन हसला.

"हासतं काहून बे?" तो म्हणाला. "याले पिकातलं तण दुरून दिसते. गर्दीत लपलेला दुश्मन आता हाच ओळखन."

त्या दिवशी खेळात सगळे माझ्या मागून चालले.

पुढे तो शहर सोडून गेला, आभार मानायचे राहिले. परवा मित्राकडून कळलं, तो आता अकोल्यात खेळ घेतो. तिथे एक मुलगी, "मले माय नाही," म्हणून उठून निघाली होती.

"मंग घरी रांधते कोण?"

"मीच."

"मंग तुही फौज कधीच उपाशी मरत नाही. बस खाली."