चंद्रभागाबाईंच्या जपानी कॅसेटी

१९८५ साली भिवाजी जपानच्या फेरीवरून घरी आले, तेव्हा त्यांनी बायकोसाठी नायलॉनची साडी आणली होती आणि स्वतःसाठी एक घरगुती कॉम्प्युटर. मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये ते कामाला होते. कोबे बंदराजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत खलाशांना असलं काहीबाही स्वस्तात मिळे. टाइपरायटरसारखं यंत्र, बारका टीव्ही, आपली वीज त्याला सोसावी म्हणून एक जड ट्रान्सफॉर्मर आणि तीन खेळ. एकेक खेळ प्लास्टिकच्या चपट्या डबीत. कोलशेतच्या कोळीवाड्यात त्याला सगळे कॅसेटच म्हणत.

भिवाजी आठ दिवसांत कंटाळले. चंद्रभागाबाई कंटाळल्या नाहीत. सकाळी ठाण्याच्या बाजारात बोइटं, कोळंबी विकून त्या अकरापर्यंत परतायच्या, आंघोळ-जेवण उरकून टीव्हीसमोर बसायच्या. सुट्टी संपवून नवरा निघाला तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या टायमाला साडी नको. कॅसेट आना. खोक्यासकट आना, आतला कागद फेकू नका."

"तुला वाचता येनार हाय काय त्यो कागद?"

"तुमाला तरी येतो काय? पन त्यो तिचा हाय. त्याच्याबिगर कॅसेट अर्धीच."

सात वर्षांत अशा त्रेचाळीस कॅसेटी जमल्या. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. जपानी अक्षर त्यांना वाचता येत नसे, पण ते नुसतं चित्र म्हणून ओळखता येई. अमुक खूण आली की दार उघडतं, तमुक आली की माणूस मेला, असं त्यांनी एका वहीत स्वतः काढून ठेवलं होतं. खाडीच्या खाऱ्या हवेनं कॅसेटीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडत. त्या खोडरबरनं घासून लख्ख करायच्या. सगळा माल ठेवायला त्यांनी थर्माकोलच्या कोऱ्या पेट्या आणल्या होत्या, मासळीचा वासही न लागलेल्या.

जाऊ आवडाबाई येताजाता टोकायची. "काय गो, बाया पाटल्या करतान आन् तू खेलनी जमवतेस?"

"पाटली घालून तू काय करतेस? बघतेसच ना? मी पन बघते."

१९९२ला भिवाजींनी बोटीवरची नोकरी सोडली आणि बापाची होडी पुन्हा पाण्यात घातली. पण कारखान्यांच्या पाण्यानं किनाऱ्यालगतची मासळी संपत आली होती. लांब जायचं तर होडीला मशीन हवं. त्यांनी कोणाकोणाला विचारलं, आणि ठाण्यात व्हिडिओ गेमचं पार्लर चालवणारा त्र्यंबक एका दुपारी टेम्पो घेऊन दारात आला. भिवाजींनी बायकोला न विचारता त्याला कॅसेटी विकायचा शब्द दिला होता.

"मावशी, हा माल आता संपला," त्र्यंबक म्हणाला. "बाजारात नवीन मशीन आलेत, ह्याला कोण विचारतो? काकांशी बोलणं झालंय, सगळ्याचे मिळून तीन हजार. नको असतील त्या इथंच ठेवीन, तेवढे पैसे कमी."

"कोन विचारत नाय, तर टेम्पो कशाला आनलास?"

त्र्यंबक हसला. "बघू तर द्या."

बाईंनी पेट्या पुढे सरकवल्या. मांडीवर पिशवी घेऊन तो एकेक खोकं उघडून, उलटंसुलटं करून बघत होता. भिवाजी चहा करायला आत गेले. बघून झालेली कॅसेट तो परत द्यायचा आणि बाई ती तिच्या खोक्यात ठेवायच्या. विमानाच्या खेळाची कॅसेट हातात आली आणि त्या थांबल्या. तळहातावर तोलून म्हणाल्या, "ही माझी नाय."

"काय बोलता मावशी! तुमच्याच खोक्यातली आहे."

भिवाजी चहा घेऊन बाहेर आले. "अगो, पावन्याला असं बोलतात काय?"

"पंचवीस वर्सं मासली हातानं तोलते मी. ही हलकी हाय."

त्यांनी कॅसेट यंत्रात खोचली. पडद्यावर विमान आलं, ओळखीचा सूर वाजला. "बघा!" त्र्यंबक म्हणाला. बाईंनी पडद्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं नुसतं काळं होतं.

"हितं बनवनाऱ्याचं नाव आन् साल असतंय. मना वाचता येत नाय, पन असतंय ते ठावं हाय. चोरून कापी करनारा पयलं नाव पुसतो. पिशवी उघड."

त्र्यंबकनं भिवाजींकडे बघितलं. भिवाजींनी कप खाली ठेवला आणि दार अडवून उभे राहिले.

"गलतीसे गेली असेल," पिशवीतून खरी कॅसेट काढत तो पुटपुटला. "सेम दिसतात सगळ्या." आणि लगेच, "चला, सहा हजार. हा माल कोणी एवढ्याला घेणार नाही."

"तुला तर सहा लाखाला देनार नाय. ऊठ."

टेम्पो रिकामा गेला. चोर पकडल्याचा आनंद भिवाजींना तेवढ्यापुरताच झाला. सहा हजारांत जुनं मशीन आलं असतं. दोन महिने ते बायकोशी धड बोलले नाहीत. चुलतभावाच्या होडीवर वाट्यानं जायचे, येऊन मुकाट जेवायचे. बाईंना ते लागत होतं. पण कॅसेटींचा विषय त्यांनी काढला नाही, माफीही मागितली नाही. एका सकाळी गळ्यातला सोन्याचा हार काढून त्यांनी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"ह्यो मोडा आन् मशीन बसवा."

"लोक काय म्हनतील?"

"हार माझा, कॅसेटी पन माझ्या. काय ठेवायचं ते मी ठरवनार."

होडीला मशीन बसलं. आवडाबाईनं कोळीवाडाभर बोंब केली. पण त्र्यंबकची गोष्टही पसरली, आणि ठाण्या-कल्याणहून हौशी माणसं आपापल्या कॅसेटी तपासून घ्यायला कोलशेतला येऊ लागली. मीही त्यातलाच. डोंबिवलीत बँकेत नोकरी करून मी अभिमानानं जमवलेल्या नऊ कॅसेटी त्यांच्यापुढे मांडल्या. बाईंनी त्या तोलल्या, स्क्रू बघितले, आणि सात बाजूला सारल्या. "ह्या खेला. जपून ठेवायच्या त्या दोनच."

१९९८मध्ये आमच्या डोंबिवलीच्या कॉम्प्युटर मंडळानं जुन्या खेळांचं प्रदर्शन भरवलं. बाईंच्या त्रेचाळीस कॅसेटींना मधलं टेबल दिलं होतं. पाटी मीच लिहिली होती: 'श्री. भिवाजी यांनी जपानहून आणलेली खेळणी'. आजही ते आठवलं की कान तापतात.

बाईंनी पाटी अक्षर अक्षर वाचली. मग पेटी उघडली आणि कॅसेटी परत भरायला घेतल्या.

"अहो, आता लोक येतील," मी म्हणालो. "नंतर बदलतो ना."

"खेलनी नाय. आन् ह्यांची नाय. आता बदला, नायतर आमी चाललो."

मी बरोबर आलेल्या भिवाजींकडे वळलो, ते समजावतील म्हणून. ते म्हणाले, "मी नुसत्या उचलून आनल्या. त्याच्यात काय हाय ते हिलाच ठावं. मी तर इकायला काढलेल्या."

बाईंनी माझ्याकडून मार्कर घेतला, पाटी उलटी केली आणि मोठ्या, चौथीतल्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'संग्रह'. शब्द त्यांनी मला विचारून घेतला होता, पण लिहिला स्वतः.

दारं उघडली. पहिलाच आलेला सफारीतला गृहस्थ टेबलावर वाकला, विमानाची कॅसेट उचलून म्हणाला, "बाई, ह्याचे मालक कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "खाली ठेवा. पयलं हात धुवून या."

तो गेला, आणि खरंच हात धुवून आला.