अमरावतीची पार्टी

चहा आधी खाली ठेवा, मग ऐका. माझ्या हुशारीचा हा किस्सा ऐकताना बऱ्याच जणांना ठसका लागलाय.

मी अमरावतीत जुनी एक्स-रे मशीन दुरुस्त करतो. तिवशाच्या डॉक्टरसाहेबांचं मशीन वयानं माझ्याहून मोठं. त्यातला हाय व्होल्टेजचा काचेचा वॉल्व्ह गेला, आणि तो बनवणारी कंपनी तर कधीचीच गेलेली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत चालू करा, नाहीतर नवीन घेतो. म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक गेलं!

अकोल्यात जुन्या मालाचं दुकान असलेले एक चाचा आहेत. सकाळी फोन केला, तर त्यांच्याकडे नेमका एक वॉल्व्ह निघाला, भावही रास्त सांगितला. साधा माणूस काय करेल? घेऊन टाकेल. पण मी पडलो डोकेबाज! गरज दिसली की भाव चढतो, म्हणून "पाहतो" म्हणून फोन ठेवला आणि अकोल्यातल्या माझ्या मेव्हण्याला, मिलिंदला, दुकानात पाठवलं. माझं नाव काढू नको, अमरावतीच्या पार्टीला पाहिजे एवढंच सांग.

थोड्या वेळानं चाचांचा फोन. "भाऊ, लवकर सांगा. अमरावतीचीच एक पार्टी मांगून राहिली."

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं. माझ्या डोळ्यांसमोर आला राजापेठेतला दुसरा मेकॅनिक. तिवशाच्या कामावर त्याचा कधीचा डोळा! मी तिथल्या तिथं भाव वाढवला. वर मिलिंदला बजावलं, मधे कोणीतरी घुसलाय, तो कितीही वाढवू दे, तू सोडू नको.

मिलिंद कसला आज्ञाधारक! त्यानं वाढवला. चाचांनी मला कळवलं, मी वाढवला. मग पुन्हा त्यानं. त्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर मला राहवेना, तडक अकोला गाठलं.

दुकानात मिलिंद वॉल्व्हचं खोकं छातीशी धरून उभा. मी विचारलं, तो राजापेठवाला कुठंय?

"कोन राजापेठवाला? इथं मी आहो, आन् फोनवर एक येडा आहे भाऊजी. आपण वाढवलं का तोही वाढवते."

चाचांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो येडा आला इथं," ते शांतपणे म्हणाले.

मी पडेल आवाजात सकाळचा भाव मागितला. चाचांनी खोकं घेऊन त्यावर नीट सुतळी बांधली.

"भाव मी नाही वाढवला, भाऊ, तुमच्याच घरानं वाढवला. पण तुमच्यासारखी एक पार्टी असली का दुकानाले दुसरं गिऱ्हाईक लागत नाही."