उस्तादांचे ड्रोन जुळवताना

आमच्या बॅगपाइप बँडमध्ये आम्ही सहाजणी, सगळ्या नारायणगुड्याच्या एकाच शाळेतल्या. शिकवणारे उस्ताद फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. वाजवण्याआधी सगळ्यांचे ड्रोन तेच जुळवायचे. ड्रोन म्हणजे खांद्यावरून वर जाणाऱ्या तीन नळ्या. बोटांनी गत वाजते ती नळी वेगळी; या तिघी मागे एकच सूर धरून ठेवतात. नळीचा वरचा भाग वर ओढला की सूर उतरतो, खाली दाबला की चढतो. जुळला नाही तर वाँव-वाँव अशी लाट कानावर आदळत राहते.

त्या सकाळी नामपल्लीच्या मैदानावर स्पर्धा होती. उस्ताद पुढे उभे राहून आमच्याबरोबर वाजवणार होते. पाळी यायला दहा मिनिटं उरली, तेव्हा ते माझ्यापाशी आले, नळी सरकवली, मान डोलावली. "हौ, अब बराबर."

बराबर नव्हतं. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. ते पुढे सरकले की मी चोरून नळी जागेवर आणायचे. बाकीच्याही तेच करायच्या. आपापसांत मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पण आज त्यांचा स्वतःचा खर्जाचा ड्रोन चांगलाच चढला होता. तो चोरून कसा उतरवणार?

"तू सांग ना," शेजारची कुजबुजली. "तुझं ऐकतील."

ज्यांनी मला सूर ऐकायला शिकवलं, त्यांनाच चारचौघांत बेसूर म्हणायचं? तेवढ्यात माइकवरून आमच्या आधीच्या बँडला बोलावलं.

मी पुढे झाले. उस्ताद वाजवत होते. टाचा उंचावून मी थेट त्यांच्या खर्जाच्या नळीला हात घातला. त्यांचे डोळे माझ्यावर खिळले. तोंडात फुंकणी, त्यामुळे बोलता येईना. पण थांबलेही नाहीत. मी नळी हळूहळू वर ओढली. लाट मंदावली, लांबली, विरून गेली. जुळला, म्हणून मी मान डोलावली.

त्यांनी फुंकणी काढली. "कब से?"

"दिवाली से, उस्ताद."

"सब को मालूम था?"

मी वळून मागच्या पाचजणींकडे पाहिलं.

"कैकु नै बोले?"

"डर लगा."

त्यांनी बाकीच्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "सबके तू मिला. जल्दी!"

पाचही जणींचे आणि शेवटी माझे ड्रोन मी जुळवले. घाईत एकीची नळी निसटून हातातच आली.

आम्ही चौथ्या आलो. उस्ताद आमच्याबरोबर चहाला थांबले नाहीत. पुढचे दोन रविवार सरावालाही आले नाहीत. फोन केला, तर त्यांच्या सूनबाईंनी "सो रहे" एवढंच सांगितलं.

तिसऱ्या रविवारी ते आले. कानात यंत्र, चेहऱ्यावर वैताग.

"इसमें मेरी चप्पल भी ढोल के माफिक बजती," म्हणाले आणि बॅगपाइपची पिशवी काखेत मारून माझ्यासमोर उभे राहिले. "चल, पहले मेरे मिला."