मुकादमाची पाठ

माझ्या वडिलांना ढोंगी म्हणणाऱ्या माणसाची पाठ एक दिवस माझ्यासमोर मोजायला आली. देवाने मला आयुष्यात फार काही दिलं नाही, पण तो दिवस दिला.

आम्ही कोपरीकडचे, पिढ्यानपिढ्या मिठागरात राबलेले. स्वातंत्र्यानंतर लवकरच वडील मीठ सोडून ठाण्यातल्या एका कारखान्याच्या गोदामात लागले. तिथे गठ्ठे उचलता उचलता त्यांची कंबर गेली. सकाळी आई त्यांना हाताला धरून उठवायची. बसून करायचं काम मिळालं तरच नोकरी टिकणार होती, आणि ते मिळणं कारखान्याच्या दवाखान्यातल्या एका यंत्रावर अवलंबून होतं. लोखंडी पाटावर उभं राहायचं, थोडं वाकायचं आणि साखळीची मूठ धरून पाठीच्या जोरावर वर खेचायची. पाठीत किती दम उरलाय ते तबकडीवरचा काटा सांगायचा.

वडिलांना मोजलं तेव्हा त्यांचा मुकादम शेजारी उभा होता आणि गोदामातली माणसं खिडकीशी. मुकादम हसत म्हणाला, "दाखव रे, खाडीचं मीठ किती खाल्लंयस ते." चार माणसांत असं विचारल्यावर मिठागरातला पुरुष काय करणार? टोपलं जड झालं असं तोंडाने म्हणायची आमच्यात पद्धतच नाही. मान मोडली तरी ते बांधापर्यंत न्यायचं. वडिलांनी सगळा जीव एकवटून खेचलं आणि काटा लांब गेला. "बघा साहेब, नाटकं करतो. ढोंगी आहे," मुकादम म्हणाला. त्या वेळच्या डॉक्टरने तेच खरं धरलं. दुसऱ्यांदा मोजायची तसदीही घेतली नाही. वडिलांना दोघांनी उचलून घरी आणलं, आणि त्यानंतर ते आपल्या पायांनी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत.

मी सातवी झालेली होते. काही वर्षांनी त्याच दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. लोकांना वाटलं, पोटासाठी. पोटासाठी होतंच, पण मुकादम अजून तिथेच होता म्हणून जास्त.

तोवर डोंबिवलीहून येणारे नवे डॉक्टर आले होते, शांत आणि बेताचं बोलणारे. यंत्र मला त्यांनीच शिकवलं. "पाठ दुखणाऱ्या माणसाला एकदा ओढायला लावून काही कळत नाही," ते म्हणायचे. "भीती वाटली तर तो कमी ओढतो, ईर्ष्या चढली तर जास्त. म्हणून आधी सरावाला ओढू द्यावं, मग मध्ये विश्रांती देत तीनदा मोजावं. आकडे जवळजवळ आले तर विश्वास ठेवावा. आणि बघे नकोत. दार बंद हवं." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांच्या वेळी हा माणूस कुठे होता?

मग मुकादमाची कंबर धरली. खरं सांगते, मला आनंद झाला. भिंत धरून चालायचा, पडलेली चप्पल पायात सरकवता यायची नाही. त्यालाही आता बसून करायचं काम हवं होतं. मोजायला आला तेव्हा विव्हळत मला म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाला चांगला ओळखतो मी. जरा सांभाळून घे."

"घेते की," मी म्हटलं.

सरावाला खेचलं तेव्हा काटा जेमतेम हलला. ते दुखणं खरं होतं, मलाही दिसत होतं. डॉक्टर दाराकडे पाठ करून तबकडीवर वाकले होते. "साहेब, उजेड कमी पडतोय," म्हणत मी व्हरांड्याचं दार सताड उघडलं. बाहेर औषधाच्या रांगेत त्याच्याच गोदामातली माणसं उभी होती. सगळ्यांनी माना वळवल्या. मुकादमाचं विव्हळणं थांबलं आणि छाती पुढे आली. तोंड जांभळं पडेपर्यंत त्याने तीनदा खेचलं, आणि तिन्ही वेळा काटा जवळपास एकाच जागी गेला.

"आधी तुम्ही घाबरला होतात. आता आकडे उत्तम जुळताहेत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शेरा मारला: गोदामातल्या कामास योग्य.

पाटावरून उतरताना मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. पण आपल्या माणसांदेखत तोंड कसं उघडणार? मी दार लावून घेतलं.

सूड घेऊन माणसाला शांती मिळत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तो नीट घेतला नसावा. मी घरी गेले ती काळजात गारवा घेऊन.

वडील भिंतीकडेला पडले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, दाराचंसुद्धा. ते शाबास म्हणतील किंवा रागावतील म्हणून मी थांबले.

"कवरा खेचला त्यानी?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"माज्यापेक्षा कमी," वडील म्हणाले आणि हात पुढे केला. "मना बसव."

आईने आणि मी मिळून त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. कळ तोंडावर दिसू नये म्हणून ते आमच्याकडे बघून हसत राहिले.